चढावर दुखतं, थांबलं की जातं

कपिलेश्वर उड्डाणपुलाच्या चढावर निम्म्यात आलं की माझ्या छातीच्या मधोमध दाब यायचा. दुखतं म्हणावं असं नाही, आवळल्यासारखं. ते वर सरकत डाव्या जबड्यात जायचं, दाढ ठणकतेय की काय असं वाटायचं. हातातली पिशवी खाली ठेवून कठड्याला टेकलं, दोन-तीन मिनिटं गेली, की सगळं साफ. पुढं उतार लागला की काहीच नाही. गणपत गल्लीतनं भाजी घेऊन शहापूरला चालत येणारे आम्ही पुष्कळ जण, माझ्याहून म्हाताऱ्या बायका मला मागं टाकून जायच्या आणि वळून विचारायच्या, "काय वैनी, थांबलासा?"

माझं वय अठ्ठावन्न. सगळी नोकरी एका क्रेडिट सोसायटीत खातेवहीसमोर गेली, त्यामुळं जे घडतं ते लिहून ठेवायची खोड आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटींत मी खुणा करायला लागले: कधी आलं, काय करत होते, किती वेळ टिकलं. महिना भरला तेव्हा त्या खुणांत एक सूत्र दिसत होतं. चढावर यायचं, सपाटीला नाही. जेवण करून लगेच चाललं तर लवकर यायचं. डिसेंबरात सकाळी आमच्या बेळगावात जे बोचरं वारं सुटतं, त्यात तर घरापासून कोपऱ्यावरच्या दूधवाल्यापर्यंत जातानाही यायचं. एकदा भावकीतल्या जमिनीवरून फोनवर कडाक्याचं भांडण झालं, तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या आलं. एरवी बसून, झोपून, कूस बदलून कधीच नाही. बोटानं दाबलं तर दुखत नव्हतं आणि नेमकी जागा बोटानं दाखवताही येत नव्हती. दाखवायला अख्खा तळवा छातीवर ठेवावा लागायचा.

शेजारणींचं निदान तयारच होतं. "गॅस हाय वैनी, ओवा खावा की!" ओवा खाल्ला. त्याचा काही अपाय झाला नाही एवढंच.

गल्लीतल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. इथं बरेच जण सुटकेचा श्वास सोडून घरी येतात. पण स्वस्थ पडून काढलेला ईसीजी म्हणजे त्या घडीचा हिशेब. दुखणं चढावर येतं आणि पट्टी काढली पलंगावर, तर त्यात दिसणार काय? ज्यांना असं श्रमानं दुखतं, त्यांतल्या पुष्कळांचा विश्रांतीचा ईसीजी अगदी सरळ असतो. डॉक्टर जुने, अनुभवी. त्यांनी पट्टी बाजूला ठेवली आणि कॅलेंडरची पानं चाळली. म्हणाले, "ईसीजीपेक्षा तुमचं हे कॅलेंडर जास्त बोलतंय. हृदयवाल्याला दाखवा, अन् पानं बरोबर न्या."

हृदयरोगतज्ज्ञ कन्नड बोलणारे, पण मराठी चांगलं. त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या. छातीच्या मध्यात दाब किंवा आवळल्यासारखं होतं का? श्रमानं किंवा मनस्तापानं येतं का? थांबल्यावर काही मिनिटांत जातं का? तिन्हीला हो. "मग हा अंजायनाच म्हणायचा, खात्री होईपर्यंत," ते म्हणाले.

त्यांनी ते मला समजावलं आणि मी ते माझ्या भाषेत लावून घेतलं. हृदय दिवसरात्र इतरांना रक्त पुरवतं, पण स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते त्याच्याच पाठीवरून जाणाऱ्या करोनरी धमन्यांतून. शरीराचे बाकीचे स्नायू आलेल्या रक्तातला थोडाच ऑक्सिजन काढून घेतात, बाकी शिल्लक राहतो. अडीअडचणीला जास्त उचलता येतो. हृदयाचा स्नायू मात्र स्वस्थ बसलेला असतानाही सत्तर टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन उचलतो. म्हणजे खात्यात शिल्लक जवळपास नाहीच, खर्च वाढला तर जमाच वाढली पाहिजे. निरोगी धमन्या रुंदावतात, रक्ताचा प्रवाह काही पटींनी वाढतो आणि माणूस चढ चढून जातो. धमनीत चरबीचा थर बसून वाट अरुंद झाली असेल, तर बसल्या जागी लागतं तेवढं रक्त पोचतं, चढावर मात्र तूट येते. ती तूट म्हणजे माझा तो दाब. थांबलं की खर्च उतरतो, हिशेब जुळतो, दाब जातो.

हार्ट अटॅकशी याचं नातं आहे, पण दोन्ही एक नव्हेत, हे मला त्या दिवशी कळलं. अटॅकमध्ये त्या चरबीच्या थराला चीर पडते, तिथं रक्ताची गुठळी धरते, वाट अचानक बंद होते आणि पलीकडचा स्नायू मरायला लागतो. अंजायनात स्नायू तात्पुरता उपाशी राहतो, मरत नाही. आणि फुटणारा थर हा बऱ्याचदा सगळ्यात अरुंद जागेचा नसतो. मध्यम, न दुखणाऱ्या जागेचाही असू शकतो. हे वाक्य मी विसरले नाही, कारण पुढचा माझा सगळा निर्णय त्यावरच ठरला.

तपासायच्या खोलीत नर्सबाई कागद भरत होत्या. डॉक्टरांनी "स्मोकिंग?" असं विचारलं होतं आणि मी नाही म्हटलं होतं, ते खरंच होतं. नर्सबाई चिक्कोडीकडच्या. त्यांनी माझ्याकडं बघून हळूच विचारलं, "अक्का, मिश्री लावतासा काय?"

माझं माहेर निपाणी. आई वखारीत तंबाखू चाळायला जायची. आमच्याकडं सकाळी चुलीवर आधी तवा चढायचा तो मिश्रीसाठी. तंबाखूची पानं काळी पडेपर्यंत भाजायची, चुरायची, पत्र्याच्या डबीत भरायची. घरभर तो कडवट धूर. मी नववीत होते तेव्हापासून दाताला लावते. पोट साफ व्हायला म्हणून सुरू होतं आणि मग दिवसातनं चार-पाच वेळा डबी उघडते. सोसायटीतल्या नोकरीतही माझ्या ड्रॉवरमध्ये डबी असायची. आमच्या पट्ट्यातल्या हजारो बायकांना कुणी 'तंबाखूचं व्यसन आहे का' असं विचारलं तर त्या नाही म्हणतील, कारण मिश्री त्यात धरतच नाहीत. निकोटिन हिरड्यांतूनही रक्तात जातंच. नाडी वाढवतं, बीपी वाढवतं, धमन्या आवळतं. म्हणजे माझ्या खात्यात एका हातानं खर्च वाढवायचा आणि दुसऱ्या हातानं जमा कमी करायची. दवाखान्यातल्या छापील फॉर्मवर हा प्रश्न असायला हवा, निदान बेळगाव, कोल्हापूर, सांगली भागात तरी.

रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन दहाच्या खाली. रक्तातच ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी असेल तर अंजायना लवकर उमटतो, म्हणून त्याचाही इलाज त्याच दिवसापासून सुरू झाला. थायरॉइड ठीक. वाईट कोलेस्ट्रॉल, म्हणजे एलडीएल, १४८. बीपीची गोळी आधीपासून होती, साखर थोडी वरच्या अंगाला. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी काढली, हृदयाची पंपिंग ६० टक्के, म्हणजे चांगली. एवढे दिवस दुखून स्नायूचं नुकसान झालेलं नव्हतं.

मग टीएमटी, म्हणजे चालत्या पट्ट्यावर चालवत काढायचा ईसीजी. लेकीनं आधीच फोन करून सांगितलं होतं, "आई, साडीत जाऊ नको." पंजाबी ड्रेस आणि तिचे जुने बूट घालून मी त्या चालत्या पट्ट्यावर उभी राहिले. छातीला ठिकठिकाणी चिकटपट्ट्या, कमरेला वायरींचा गठ्ठा. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग वाढतो आणि चढही वाढतो. २२० मधून वय वजा करायचं, उरलेल्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत नाडी न्यायची. माझ्या बाबतीत १३८ च्या आसपास. मी तिथवर पोचलेच नाही. दुसऱ्या टप्प्यात तोच दाब, तोच जबडा. पडद्यावरच्या रेघा खाली बसायला लागल्या होत्या. तंत्रज्ञ मुलगा म्हणाला, "मावशी, बास," आणि पट्टा हळू केला. बायकांत ही तपासणी कधीकधी नसलेला दोष दाखवते, म्हणून काही ठिकाणी सीटी अँजिओग्राफी किंवा स्ट्रेस इको करतात. माझ्यात मात्र कॅलेंडर, जबडा आणि रेघा एकच सांगत होत्या. अँजिओग्राफी ठरली, म्हणजे धमन्यांत रंगाचं औषध सोडून वाट कुठं अरुंद आहे ते पडद्यावर बघायचं.

अँजिओग्राफीच्या आदल्या दिवशी संमतीपत्रावर सही घेतात. आमचा कागद इंग्रजी-कन्नड होता. मी नर्सबाईंना शेजारी बसवून ओळ न् ओळ समजून घेतली. त्यात एक ओळ अशी होती की, गरज वाटल्यास त्याच वेळी अँजिओप्लास्टी, म्हणजे अरुंद धमनी फुग्यानं रुंदावून तिथं स्टेंट नावाची बारीक जाळीची नळी बसवणं, करायलाही माझी परवानगी आहे. मी डॉक्टरांना विचारलं, गरज कोण ठरवणार? मी टेबलावर पडलेली, आमचे हे बाहेर घाबरलेले. डॉक्टर भले माणूस. त्यांनी सांगितलं, डाव्या मुख्य धमनीच्या तोंडाशी मोठा ब्लॉक निघाला तर थांबणं बरं नाही, तेव्हा पुढचं बोलणं वेगळं. तसं काही नसेल तर सीडी घेऊन बाहेर या, विचार करा. ते त्यांनी कागदावर लिहिलं आणि मग मी सही केली. अंजायना स्थिर असेल, म्हणजे ठरावीक श्रमानंच येत असेल आणि वाढत नसेल, तर निर्णयाला काही दिवस घेता येतात. अटॅक चालू असेल तर नाही. तिथं मिनिटं मोजायची, कागद वाचत बसायचं नाही.

प्रत्यक्ष अँजिओग्राफी मी सांगण्याइतकी मोठी नव्हती. उजव्या मनगटात सुई, तिथनं बारीक नळी, औषध सोडलं की अंगात क्षणभर ऊब. नंतर मनगटावर हवा भरलेला पट्टा आणि भरपूर पाणी प्यायचं, रंगाचं औषध किडनीवाटे जावं म्हणून.

निकाल असा: उजव्या धमनीची वाट मध्यावर ८० टक्के बंद. पुढच्या मुख्य फांदीत ४० टक्के. डाव्या मुख्य धमनीचं तोंड साफ.

बाहेर मात्र वेगळीच गडबड चालली होती. रुग्णालयातल्या एका समन्वयक बाईंनी आमच्या ह्यांना काचेच्या खोलीत नेऊन पडद्यावरचं चित्र दाखवलं होतं आणि ऐंशी टक्के हा आकडा दोनदा सांगितला होता. "आत्ताच स्टेंट घातला तर बरं, परत कशाला ॲडमिट करता?" हे घामाघूम. मी टेबलावरून उतरल्यावर त्यांच्याकडं बघूनच मला कळलं. माझा त्या बाईंवर राग नाही, त्यांना दिलेलं काम त्या करत होत्या. पण ऐंशी टक्के ऐकलं की माणसाला वीसच टक्के आयुष्य उरल्यासारखं वाटतं, आणि त्या घटकेला कुणीही सही करेल. पैशाचं भय तितकं नव्हतं. केंद्र सरकारनं २०१७ च्या फेब्रुवारीत स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली, औषधाचा लेप असलेल्या स्टेंटची तेव्हा २९,६०० रुपये ठरली, त्याआधी लोक लाखाच्या वर मोजायचे. प्रश्न मला स्टेंटचा उपयोग किती, हा होता.

सीडी घेऊन आम्ही मिरजेला गेलो. आजीच्या काळापासून आमच्या घरात मोठं दुखणं म्हटलं की मिरजेची गाडी, ती सवयच. तिथल्या डॉक्टरांनी चित्र दोनदा पुढं-मागं करून बघितलं आणि जे सांगितलं ते लेकीनं पुण्याहून वाचून ताडून घेतलं. स्थिर अंजायनावर मोठे अभ्यास झालेले आहेत. २००७ चा करेज, त्यात २,२८७ रुग्ण. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला इस्केमिया, त्यात ५,१७९ रुग्ण. दोन्हींत एका गटाला नीट औषधं, दुसऱ्याला औषधं अधिक स्टेंट किंवा बायपास. मरण आणि अटॅक यांत मोठा फरक पडला नाही. दुखणं कमी होण्यात मात्र दुसऱ्या गटाला फायदा झाला, विशेषतः ज्यांना वारंवार दुखायचं त्यांना. २०२३ च्या ऑर्बिटा-२ मध्ये तर काही रुग्णांना स्टेंट घातल्याचं नुसतं नाटक केलं होतं, कुणाला खरा आणि कुणाला खोटा हे रुग्णाला ठाऊक नाही. तिथंही खऱ्या स्टेंटवाल्यांचं दुखणं कमी झालं. म्हणजे स्टेंट दुखण्यावर खराच चालतो. पण आयुष्य वाढवायला म्हणून माझ्यासारख्यांत घालायचा असेल, तर त्याला आधार नाही. डाव्या मुख्य धमनीचा आजार, कमजोर पंपिंग, नुकताच आलेला अटॅक ही माणसं या हिशेबात बसत नाहीत, हे त्यांनी आवर्जून सांगितलं.

आणि मला ते फुटणाऱ्या थराचं वाक्य आठवलं. स्टेंट ऐंशीची एक जागा मोकळी करणार. चाळीसच्या जागेचं काय? तिथं काम करणार कोलेस्ट्रॉलची गोळी, बीपीची गोळी आणि डबी बंद करणं. मी आधी औषधांचा रस्ता धरला. दुखणं आटोक्यात आलं नाही तर स्टेंट आहेच, तो कुठं पळून जात नाही.

गोळ्यांत मला सगळ्यात आवडलेली मेटोप्रोलॉल. तिनं नाडी ऐंशी-पंच्याऐंशीवरून साठीवर आणली. हृदयाच्या स्नायूला रक्त मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात मिळतं. ठोके संथ झाले की विसावा लांबतो आणि खर्चही उतरतो. सुरुवातीला अंग जड वाटलं, मग सरावले. शिवाय गुठळी धरू नये म्हणून ॲस्पिरिन आणि कोलेस्ट्रॉलसाठी ॲटोर्वास्टॅटिन. आणि जिभेखालची सॉर्बिट्रेट, ५ मिलिग्रॅमची.

तिच्याविषयी थोडं जास्त सांगते, कारण लोक ती भलत्याच तऱ्हेनं घेतात. उभ्यानं घ्यायची नाही. आधी बसायचं, मग जिभेखाली ठेवायची, गिळायची नाही. बीपी उतरतं, उभं असलात तर डोळ्यांपुढं अंधारी येऊन पडाल. माझ्या पहिल्या गोळीला असं डोकं ठणकलं की छातीचं विसरायला झालं. ती डोकेदुखी औषधाचीच. चढ चढायच्या आधी पाच-दहा मिनिटं घेतली तर दुखणं येऊही देत नाही, हे मला मिरजेत कळलं. पुरुषांपैकी कुणी व्हायाग्रासारखी गोळी घेत असेल तर ते डॉक्टरांना न लाजता सांगावं. दोन्ही एकत्र झाल्या की बीपी जीवघेणं कोसळतं. याच जातीचं जुनं औषध म्हणजे नायट्रोग्लिसरीन. आमच्याकडं खडीच्या खाणीत सुरुंग उडतात, त्या स्फोटकांच्या कुळातलं. लंडनच्या विल्यम मरेल यांनी १८७९ मध्ये ते अंजायनावर वापरून दाखवलं आणि ज्या आल्फ्रेड नोबेलनं त्यापासून डायनामाइट केलं, त्यालाच अखेरच्या वर्षांत हृदयाच्या दुखण्यावर तेच लिहून दिलं गेलं. लेकीनं सांगितल्यावर आमचे हे म्हणाले, "म्हणून जपून बोलायचं हिच्याशी."

गोळ्या गिळणं सोपं होतं. डबी सोडणं नाही. पहिल्या आठवड्यात सकाळ उगवायची तीच चिडचिडीनं. पोट साफ होईना, तोंडाला चव नाही, भांडी आपटायची मी. बडीशेप, लवंग, भाजलेले तीळ, सगळं करून बघितलं. खरा उपयोग झाला तो वेळा मोडण्याचा: उठल्याबरोबर मोरीपाशी न जाता आधी कोमट पाणी पिऊन अंगणात फेऱ्या. निपाणीला माहेरी गेले की भावजयीच्या तव्याचा वास येतो आणि हात आपोआप तिकडं जातो. म्हणून तिलाही सोडायला लावायचं माझं चाललंय. ती म्हणते, "तुझ्या छातीत दुखतंय म्हणून मी कशाला सोडू?" तिला हिरडीवरचा पांढरा चट्टा दाखवून भांडते, तेवढं मात्र ती ऐकून घेते.

आमच्या घरात आता एक गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. माझं नेहमीचं दुखणं नेहमीच्या जागी आलं तर बसायचं, गोळी, आणि पाच मिनिटं थांबायचं. त्यातनं उतरलं नाही किंवा वाढलं, की १०८. बसल्या जागी आलं, झोपेतनं उठवलं, आधीपेक्षा कमी चालण्यात यायला लागलं, घाम-उलटी-धाप बरोबर आली, तर तो स्थिर अंजायना राहिला नाही. त्यात ओवा नाही, रिक्षा शोधणं नाही, सकाळची वाट बघणं नाही. कन्नड सिनेमातले नट पुनीत राजकुमार २०२१ च्या ऑक्टोबरात सेहेचाळिसाव्या वर्षी हृदयाच्या दुखण्यानं अचानक गेले, तेव्हा आमच्या गल्लीतली तरणी पोरंसुद्धा ईसीजी काढायला धावली होती. पुढं कर्नाटक सरकारनं त्यांच्याच नावानं हृदयज्योती योजना काढली: तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ईसीजी काढून तो मोठ्या केंद्रातल्या तज्ज्ञांकडून तपासून घ्यायचा आणि अटॅक असेल तर गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन मोफत द्यायचं. आडगावातल्या नातेवाइकांना मी हे सांगत असते, कारण तिथनं बेळगावला पोचेपर्यंतचा वेळच जीव घेतो.

हिमोग्लोबिन आता बारावर आहे. दुखणं जवळजवळ गेलंय. थंडीत, भरल्या पोटी घाई केली तर डोकं वर काढतं. एलडीएल १४८ वरून ७२ ला उतरलं. मी खूश होऊन रिपोर्ट दाखवला, तर डॉक्टर म्हणाले, अजून खाली पाहिजे, ५५ च्या आत, आणि एझेटिमाइब नावाची आणखी एक गोळी वाढवली. पुढच्या तपासणीला तो आकडा बघायचा आहे. स्टेंटचा विषय मी काढला, तर त्यांनी माझं कॅलेंडर मागितलं, या महिन्याच्या चौकटी बघितल्या आणि म्हणाले, "सध्या राहू दे."